रुमालावरचे नऊ खडे

जिनिंगमागच्या पत्र्याच्या एका खोलीत आम्ही चौघं राहायचो. कापसाचं तूस अंथरुणात, पिठात, आईच्या खोकल्यात. अण्णा, माझे वडील, तिथंच हमाल. शाळेची पायरी त्यांनी कधी चढली नाही, पण ट्रकमध्ये एक गठाण चढली की एक खडा ते रुमालावर टाकायचे. वहीतला आकडा पक्का करण्याआधी मुनीमजी हाक मारायचे, "खडे किती?" अण्णा सांगतील तोच आकडा.

त्यांच्या पाठीवरच्या ओझ्यावर मी बी.एस्सी. झालो. घराण्यात पहिला. नवीन जालन्यात बियाणे कंपनीत लागलो, परीक्षा देऊन हौशी रेडिओचा, म्हणजे स्वतःच्या बिनतारी संचावरून दूरच्यांशी बोलायचा, परवाना काढला. इथपर्यंतचं मी मान वर करून सांगतो. पुढचं तसं सांगता येत नाही.

आमच्या रेडिओवाल्यांच्या गटात एक रिवाज होता. रेडिओ घेऊन उघड्या माळावर जायचं, अँटेनाची तार उभारायची आणि दिवसात दहा केंद्रांशी, म्हणजे दहा ठिकाणच्या रेडिओवाल्यांशी, बोलायचं. एकमेकांची सांकेतिक नावं आणि आवाज कसा पोचतो त्याचा आकडा दोघांनी सांगितला, तरच वहीत नोंद. नुसतं ऐकलेलं धरायचं नाही. गटात कुणाचेच दहा झाले नव्हते. मला पहिलं व्हायचं होतं.

जाफराबादकडच्या माळावर बॅटरी उचलायला अण्णा आले. सावलीला बसा म्हटलं तर म्हणाले, "नुसतं बसून काय करू? एक झाला हे कळतं कसं?"

निरोप घेताना मी 'सेव्हन्टी थ्री' म्हणतो, तेव्हा एक पुरा, असं मी सांगितलं. त्यांनी खडे वेचले, रुमाल अंथरला.

दुपार कलली तेव्हा नऊ झाले होते आणि बॅटरी उतरत आली होती. एक केंद्र स्वच्छ ऐकू येत होतं, पण ते दुसऱ्याशीच बोलत होतं. मी चारदा हाक दिली. त्याला माझा आवाज पोचला नाही. मी त्याचं नाव लिहिलं, वेळ लिहिली, आवाजाचा आकडा मनानं टाकला.

"झाले दहा. तार उतरवू या."

अण्णा रुमालाकडं बघत म्हणाले, "नऊच हायेत. तो शेवटचा तुला बोललाच न्हाई."

"तुम्हाला काय कळतं यातलं? गठाणी मोजणं आहे का हे?" मी मुद्दाम पुस्तकी बोललो.

"बराबर हाय," म्हणत त्यांनी खडे खिशात टाकले आणि बॅटरी खांद्यावर घेतली.

माझे दहा झाल्याचं ऐकून आठवड्यानं गटातले वडीलधारे सर पेढे घेऊन घरी आले. अण्णांना कौतुकानं म्हणाले, "तुम्ही होतात ना माळावर? दहा झाले ना बरोबर?"

ज्यांचा आकडा मुनीमजीही खोडत नसत, ते अण्णा खाली बघून म्हणाले, "मला त्यातलं काय कळतं, साहेब. पोरगा शिकलेला हाय."

माझ्या हातात पेढा होता. माझेच शब्द त्यांनी माझ्यावर पांघरूण म्हणून घातले होते.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी सरांकडं गेलो आणि खरं सांगितलं. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी पेन पुढं केला. दहाव्या ओळीवर मी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'संपर्क झाला नाही'. गटाला माझ्या तोंडानं कळवलं. पुढं कितीतरी दिवस तिथं मान वर झाली नाही.

घरी येऊन अण्णांना म्हटलं, "नऊच होते."

"मंग मी काय म्हणून राह्यलो होतो?" ते म्हणाले. "पुढच्या बारीला बॅटरी मोठी घे."

त्यानंतर दोनदा गेलो, दोन्हीदा कमी पडलो. तोवर गटातल्या दुसऱ्या एकानं दहा गाठले. चौथ्या खेपेला तार उतरवण्याआधी मीच विचारलं, "अण्णा, खडे किती?"

"धा."

वहीतही दहाच होते.