आमच्या तलावाचं आधी वाकवलेलं गेट

गेल्या आठवड्यात कुरखेड्याला प्रमिलाबाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात दोन दिवस काढले... ते अजून मनातून उतरत नाहीत.

काम आमच्या गावतलावाच्या गेटचं. मागे घाईघाईत जोडून आणलेलं गेट वेल्डिंगच्या उष्णतेनं असं वाकलं होतं, की खाचेत बसेचना. तोंडाशी मातीची पोती रचली तरी पाणी वाहून जात होतं... आणि शेजारच्या देवाजीभाऊंचं धान नेमकं गर्भात आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतात. तलाव आटला असता तर लोंब्या पोचट.

म्हणून आम्ही दोघं बाईंकडे गेलो. त्यांनी नव्या गेटची जाड, सपाट प्लेट लोखंडी टेबलावर घेतली. मधे खालून लोखंडाचे तुकडे सारले, दोन्ही टोकं शिकंज्यांनी खाली आवळली... आणि चांगली प्लेट कमानीसारखी वाकवून ठेवली.

देवाजीभाऊंचा जीव वरखाली. "बाई, सरळ होती ना, वाकडी काऊन करून राह्यली?"

"भाऊ, धानाचं तुम्ही पाहा. लोखंडाचं माह्यावर सोडा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काकाजी, वरून पट्ट्या जोडाच्या आहेत. वेल्डिंगचा टाका थंडा होता होता आकसते, टोकं वर ओढते. म्हणून आधीच खाली दाबली."

गॅसच्या जाळानं सगळी प्लेट तापवली. मग वीतभर टाका इथे, वीतभर पार त्या टोकाला... "एकाच जागी जाळलं तं सारा ताण तिथीच बसते. वाटून द्या लागते त्याले."

टाका तापलेला असतानाच, ताण सैल व्हावा म्हणून, त्यावर छोट्या हातोडीचे ठोके. शाळेत बाकावर बोटांनी ताल धरून आम्ही कविता म्हणायचो, तशी लय. मी नकळत गुणगुणत असेन... कारण बाई म्हणाल्या, "मोठ्यानं म्हणा काकाजी, हात चालते."

शेवटी राईस मिलमधून आणलेल्या तुसाच्या गरम राखेखाली सगळं झाकून टाकलं. सावकाश निवायला.

"पंखा लावू काय?" देवाजीभाऊंना धीर कुठला.

"लावा. अन् मंग पहिल्यासारखंच वाकडं घेऊन जा घरी."

दुसऱ्या दिवशी राख सारली, शिकंजे सोडले. प्लेट कुरकुरली, जरा हलली... आणि थांबली. बाईंनी सरळ पट्टी आडवी, तिरपी, सगळीकडे ठेवून पाहिली. पट्टीखालून कुठेच उजेड दिसेना. देवाजीभाऊंनी वाकून स्वतः पाहिलं, आणि सगळ्यांसाठी चहा सांगायला गेले.

संध्याकाळी गेट खाचेत सोडलं. अलगद खाली गेलं. पलीकडच्या नालीतलं पाणी बारीक झालं, मग थेंब थेंब... मग तेही नाही.

झुळझुळत्या पाण्याच्या किती कविता पाठ केल्या या जन्मात. पण पाण्याचा आवाज थांबला म्हणून डोळे भरून आले, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं... प्रमिलाबाई, तुमच्या हाताला नमस्कार.