खोट्या गावातली म्हातारी

लष्कराची ती कमांड, म्हणजे प्रशिक्षणाचा तो विभाग, आता बंद झाली. कमांडो आणि साधे पायदळाचे जवान यांना एकत्र शिकवायचं, एवढंच तिचं काम. मी तिथे तीन वर्षं म्हातारी होते. हसू नका! सरावासाठी जंगलात एक खोटं गाव बांधलं होतं आणि त्यात बसायला माणसं हवी होती. आमचे हे गेल्यावर टोरोंटोजवळच्या केंब्रिजच्या घरात मी भिंतींशी बोलायला लागले होते, म्हणून अप्लाय केलं. मुलाखतीत विचारलं, इंग्रजी येत नाही असं दाखवता येईल का? मनात म्हटलं, अहो, सुनेच्या माहेरच्यांसमोर दुसरं काय करते मी!

काम सोपं होतं. खोलीत खुर्चीवर बसायचं. कमांडो दार फोडून आत यायचे, हवा तो माणूस उचलायचे आणि निघून जायचे. मग बाहेर वेढा घालून उभ्या असलेल्या जवानांनी घराचा ताबा घ्यायचा आणि मला सुखरूप बाहेर काढायचं. कुणी न्यायला येईपर्यंत मी हलायचं नाही, असा नियम. गळ्यात शिट्टी असायची. खरंच काही त्रास झाला तर ती वाजवायची, की सगळा सराव थांबायचा.

मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू? एरवी आठवडा आठवडा माझा हात कोण धरत होतं? तिथे एखादा उंचापुरा जवान वाकून विचारायचा, "मॅम, आर यू ओके?" तेवढ्यावर माझे चार दिवस बरे जायचे.

एकदा नोव्हेंबरात कमांडो आले, माणूस घेऊन गेले आणि मग कुणी आलंच नाही. बाहेर बुटांचे आवाज झाले, तेही लांब गेले. पाय गारठले. शिट्टी हातात होती, पण वाजवली नाही. चिडलेच होते मी. म्हटलं, बघू तरी, मेल्यांना माझी आठवण होते का! शेवटी आम्हा गावकऱ्यांना घरी सोडणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला एक सीट रिकामी दिसली, तेव्हा तो शोधत आला.

नंतर सगळ्यांना हॉलमध्ये बसवून चौकशी झाली. कमांडोंचा प्रमुख म्हणाला, आम्हाला वाटलं जवानांनी नेलं. जवानांचा अधिकारी म्हणाला, आम्हाला वाटलं कमांडो घेऊन गेले. मला विचारलं, शिट्टी का नाही वाजवलीत? मी म्हटलं, विसरले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. व्हँकुव्हरचा मुलगा आणि टोरोंटोची मुलगी, दोघांना मी एकाच कॉलवर घेतलं. असं कधी केलं नव्हतं. झालेलं सगळं सांगितलं. दोघं केवढे भडकले! "यू शुड कंप्लेन, आई," मुलगा म्हणाला. मुलगी म्हणाली, "हाउ कॅन दे जस्ट फर्गेट यू?"

मी त्यांना मनसोक्त रागावू दिलं. मग विचारलं, "या महिन्यात मला फोन कुणी केला?"

 मग मुलगी हळू आवाजात बोलली, पण माझ्याशी नाही, भावाशी.

"आय थॉट यू वेअर कॉलिंग हर."

  मला फार रडू येत होतं, पण फोन ठेवावासा वाटेना.