मागचं डावं दार

मावशी तशा कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या. पण शहरातले झाडून सगळे गाड्या रंगवणारे त्यांना तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे ‘भिंग’ म्हणत. रंगांच्या दुकानामागे एक लांबट खोली होती. तिथे मावशींनी एकतीस वर्षं गाड्यांचे रंग जुळवले. कुणाची गाडी ठोकली, की रंगारी तिच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून फडक्यात गुंडाळून आणायचा आणि मावशींपुढे ठेवायचा. मावशी ते घेऊन मागच्या दाराने बाहेर जायच्या, उन्हात धरून सरळ बघायच्या, तिरपं बघायच्या आणि आत येऊन काट्यावर डबा ठेवून रंग ओतायला लागायच्या. कंपनीचं प्रमाण पुस्तकात लिहिलेलं असायचं, पण पुस्तकातला रंग आणि रस्त्यावरचा रंग यांचं कधी पटत नाही. त्यांच्यात समेट घडवून आणणं हेच मावशींचं काम. त्यांनी जुळवलेला डबा परत आला असं एकतीस वर्षांत चारदाच झालं. त्यातल्या तीन वेळा रंगाऱ्याने थिनर जास्त ओतलं होतं. चौथ्या वेळेबद्दल त्या बोलत नाहीत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी नवी गाडी घ्यायचं ठरवलं. आयुष्यातली पहिली. मावशींचे यजमान, म्हणजे ओघाने काका, ग्रंथालयात नोकरीला होते. कुणाचाही आवाज चढला, की त्यांना आपसूक खोकला येतो. गाडी कोणती घ्यायची ते काकांनी चार मासिकं वाचून ठरवलं. रंगाबद्दल मात्र मावशींनी कुणाला तोंड उघडू दिलं नाही. त्यांना राखाडी हवा होता. आत हिरवी झाक असलेला, चांदीची पूड मिसळलेला राखाडी. सरळ बघितला तर मऊ दिसतो, तिरपा बघितला की गडद होतो. भलेभले रंगारी या शेडपुढे हात टेकतात.

“पांढरी घे ना, साधी,” मुलगी म्हणाली होती. “ओरखडा आला तर पटकन जुळतो तरी.”

“जुळवलेला रंग मी आयुष्यभर बघितला,” मावशी म्हणाल्या. “आता मला असा हवाय, की ज्याला कुणाचा हात लागलेला नाही.”

एवढंच त्यांचं मागणं होतं.

गाडी ताब्यात मिळाली ती संध्याकाळी, शोरूमच्या आत. रेशमी कापड, लाल फीत, पुठ्ठ्याची हातभर किल्ली, फोटो. विक्रेता गुळगुळीत बोलत होता आणि दर वाक्याला ‘मॅडम’ म्हणत होता. छतात पांढरेशुभ्र दिवे होते. मावशींनी गाडीभोवती एक फेरी मारली, म्हणाल्या, “छान,” आणि ‘गाडी नीट पाहून घेतली, तक्रार नाही’ या कागदावर सही केली. ज्या बाईने एकतीस वर्षं रंगाऱ्यांना ओरडून सांगितलं, की बाबांनो, दिव्याखाली रंग बघू नका, उन्हात न्या, तिने स्वतःची गाडी दिव्याखाली बघितली! फीत कापायच्या आनंदात माणसाची अक्कल गहाण पडते, दुसरं काय.

सकाळी दहाला त्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला आल्या. खाली गाडी उभी होती, आणि ऊन तिच्या अंगावरून तिरपं जात होतं. मावशींच्या हातातला टॉवेल हातातच राहिला. मागचं डावं दार वेगळं होतं. पुढचं दार हिरवट होत गडद होत होतं आणि मागचं नुसतंच काळवंडत होतं. त्या तशाच, खांद्यावर ओला टॉवेल घेऊन खाली उतरल्या. जवळून, बाजूने, वाकून, सगळीकडून बघितलं. दार कुणीतरी रंगवलं होतं. नव्याकोऱ्या गाडीला कुठेतरी मार बसला होता आणि तो झाकून गाडी त्यांच्या गळ्यात मारली होती.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकांना हाक मारली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरची दोन माणसंही बाहेर आली.

काका चष्मा पुसत आले. दाराकडे बघितलं. मावशींकडे बघितलं. “मला तर सारखंच दिसतंय गं,” ते हळूच म्हणाले.

“तुम्हाला दिसणार नाहीच. मी सांगतेय ना!”

“हो, हो,” काका म्हणाले आणि खोकले.

त्याच दुपारी दोघं शोरूममध्ये गेले. विक्रेत्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि मान हलवली. “काही नाही हो, आजी. उन्हामुळे तसं वाटतं.”

काल मॅडम, आज आजी! सही झाल्यावर एका रात्रीत बाई वीस वर्षांनी म्हातारी होते, हे मावशींना नव्याने कळलं.

मग मॅनेजर आला, त्याच्यामागून आणखी दोन विक्रेते आले. त्याने शर्टाच्या बाहीने दारावरची धूळ झटकली. “कंपनीचा रंग आहे. आमच्याकडून एकही गाडी रंगवून जात नाही.”

“मग रंगाची जाडी मोजा. दुसऱ्यांदा रंगवलं की थर जाड होतो. यंत्र असतं तुमच्याकडे.”

“त्याची बॅटरी संपलीय.”

“घड्याळाच्या दुकानात मिळते. मी आणते.”

“तसं नसतं, आजी.” मॅनेजरने फायलीतून कालचा कागद काढून त्यांच्यापुढे धरला. “ही सही तुमचीच ना? आणि मला सांगा, इथे आपण सहा जण उभे आहोत. तुमच्याशिवाय कुणाला काही दिसतंय का?”

कुणाला दिसत नव्हतं. काकासुद्धा जमिनीकडे बघत होते. परत येताना ते म्हणाले, “जाऊ दे ना. चालते छान. आपल्याला बसायचं आत आहे, रंग तर बाहेर.”

मावशी घरापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. एरवी त्या गप्प बसल्या, की काकांना बरं वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही.

संध्याकाळी मुलगी दोन दिवस राहायला आली. ती दाराकडे बघायला खाली गेलीच नाही. बापलेक स्वयंपाकघरात काहीतरी कुजबुजले आणि मग मुलगी लाडीगोडीने म्हणाली, “आई, एकदा डोळे तपासून घेऊ या का? उद्या अकराची वेळ घेतलीय.”

“घेतलीयस? मला न विचारता?”

“अगं, वय होतं माणसाचं. त्यात वाईट वाटून काय घ्यायचं?”

मावशी गेल्या. गेल्या एवढ्याचसाठी, की डोळ्यांच्या डॉक्टरकडून चिठ्ठी आणून या दोघांच्या तोंडावर मारता येईल. डॉक्टरने डोळ्यांत उजेड पाडला, अक्षरं वाचून घेतली आणि म्हणाला, “उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे. घाबरण्यासारखं काही नाही. रंग थोडे पिवळट दिसू शकतात.”

मुलीने काकांकडे बघितलं, काकांनी मुलीकडे. दोघांच्या चेहऱ्यावर इतका सुटकेचा भाव होता, की मावशींना तिथेच खुर्ची फेकून मारावीशी वाटली. पण त्यांनी मारली नाही. गाडी गेली खड्ड्यात. आपली नजर गेली असेल तर आपण कोण? दोन खोल्यांच्या घरातली एक चिडकी म्हातारी, दुसरं काय? एकतीस वर्षं ज्या डोळ्यांवर शहरभरच्या गाड्या उजळल्या, ते डोळे आता खोटं बोलायला लागले असतील, तर शोरूमवाल्यांना तरी कुठल्या तोंडाने शिव्या द्यायच्या?

दुसऱ्या दिवशी दहाला त्या एकट्याच खाली उतरल्या. उजवा डोळा तळव्याने झाकून डाव्याने बघितलं. मग डावा झाकून उजव्याने बघितलं. उजव्याला सगळंच जरा पिवळं दिसत होतं, हे खरं. पण पिवळी तर पिवळी, दोन्ही दारं सारखी पिवळी दिसायला हवी होती. ती दिसत नव्हती. मागच्या दारात हिरवा कमी होता आणि चांदी जाड पडली होती. किती कमी आणि किती जाड, हेसुद्धा मावशींनी तिथेच मनाशी धरलं.

“चला,” वर येऊन त्या म्हणाल्या. “दोघंही चला. शोरूमला.”

“आई, पुन्हा तमाशा नको,” मुलगी म्हणाली.

“तमाशा तर तमाशा. तिकीट नाहीये त्याला, बघायला या.”

मॅनेजरने त्यांना लांबूनच ओळखलं आणि चेहऱ्यावर सहनशीलता आणली. मावशींनी त्याला बोलूच दिलं नाही. “मला तुमच्याशी बोलायचंच नाहीये. रंगखोलीतल्या माणसाला बोलवा.”

मॅनेजरला ते बरंच वाटलं असावं. आपल्याच पगारातला तज्ज्ञ दोन शब्द बोलेल आणि पीडा टळेल. रंगखोलीतून चाळिशीचा एक माणूस आला. मास्क गळ्यात लोंबत होता, नखांत राखाडी रंग होता. मावशींना बघून तो जागीच थबकला. दुकानातून रंगाचे डबे नेणाऱ्यांत तोही असायचा.

“काय हो,” मॅनेजर म्हणाला, “हा कंपनीचा रंग आहे ना? सांगा यांना.”

तो माणूस “हो” म्हणणारच होता. पण मावशींनी त्याला विचारलंच नाही की तू हे दार रंगवलंस का. कसलाही डाव त्यांच्या मनात नव्हता. वाईट काम समोर दिसत होतं आणि ते करणारा समोर उभा होता, एवढंच त्यांना कळत होतं. त्या एकदम कडाडल्या.

“लाज वाटली नाही तुला? याला जुळवणं म्हणतात? बारीक चांदीच्या जागी जाड ओतलीस! आणि हिरवा? निम्मासुद्धा नाही! काळा टाकून वेळ मारून नेलीस. नवखा माणूससुद्धा असा डबा माझ्या टेबलावर ठेवायला घाबरला असता. इतकी वर्षं घासून हे शिकलास?”

माणसाचं तोंड लाल झालं. चोर म्हटलं असतं तर त्याने कदाचित ऐकून घेतलं असतं. पण हातात कसब नाही म्हणणं त्याच्या फार जिव्हारी लागलं.

“हिरवा संपला होता, मावशी!” तोही तितक्याच जोरात ओरडला. “दोन दिवसांनी येणार होता! मी म्हटलं यांना, थांबा, ही शेड अशी जुळायची नाही. तर हे म्हणाले, संध्याकाळी गाडी द्यायचीय, दिव्याखाली कोण बघतंय! हिरवा असता तर तुम्हालासुद्धा सापडलं नसतं!”

पुठ्ठ्याची किल्ली धरून फोटो काढणारं एक कुटुंब होतं, त्यांनी किल्ली खाली ठेवली आणि ते आपल्या गाडीच्या दारांकडे बघायला लागले.

मॅनेजर त्या माणसाकडे असा बघू लागला, की आज त्याची नोकरी गेलीच. “त्याच्याकडे काय डोळे वटारता?” मावशी म्हणाल्या. “तुमच्या या काचेच्या घरात तो एकटाच खरं बोललाय. त्याला काढलंत तर हे सगळं मी बाहेर फूटपाथवर उभी राहून ओरडेन. आवाज बघितलाच आहे तुम्ही.”

त्यानंतर सगळं भराभर झालं. खुर्च्या आल्या, मावशी पुन्हा मॅडम झाल्या. तीन आठवड्यांत दुसरी गाडी द्यायचं लेखी मिळालं, तीही भर दुपारी उघड्यावर. मावशींनी गाडी तिथेच सोडली. मुलगी “आई, सॉरी” म्हणून घाईघाईने ऑफिसला गेली आणि दोघं बसने निघाले.

दोन थांबे गेल्यावर काका मावशींकडे सरकून बसले. “खरं सांगू,” ते म्हणाले, “मलाही त्या दाराचं जरा वेगळंच वाटत होतं.”

मावशींनी खिडकीतून मान वळवली. बसमध्ये माणसं होती, पण त्यांनी आवाज कमी केला नाही.

“नव्हतं वाटत तुम्हाला. आणि ते दिसलं नाही याचा राग नाहीये मला. कुणालाच दिसत नाही, म्हणून तर एकतीस वर्षं मला पगार मिळाला. मी म्हटलं, दार वेगळं आहे. तुम्ही एकदा त्या दाराकडे बघितलंत आणि मग दोन दिवस माझ्या डोळ्यांकडे बघत राहिलात. तो रंगखोलीतला कोण कुठला माणूस, त्याने मला उलट उत्तर दिलं, पण मला दिसत नाही असं एकदाही म्हणाला नाही.”

काकांना खोकला आला, पण तो त्यांनी गिळला. त्यांचा थांबा आला. उतरताना त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला. मावशी दांडीला धरून एकट्या उतरल्या.