वर्तमानपत्रातील नत्थूजी

श्री. नत्थूजी कापगते यांचा आणि माझा परिचय लाखनी तालुक्यातील आमच्या गावी, प्रौढ साक्षरता वर्गात झाला. मी एकसष्टाव्या वर्षी अक्षरे शिकण्यास गेले होते. नत्थूजी शिकण्यास आले नव्हते. उद्घाटनास एखादी प्रसिद्ध व्यक्ती असावी म्हणून त्यांना बोलावले होते. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हते. परंतु त्यांचे नाव वर्तमानपत्रात छापून आले होते, असे सर्वांना ठाऊक होते.

त्या कीर्तीची हकीकत अशी. तेरा वर्षांपूर्वी, रोवणीच्या दिवसांत, एक सिनेनट वाघ पाहण्यासाठी साकोलीकडे निघाला होता. त्याची गाडी आमच्या तलावाच्या पाळीखाली चिखलात रुतली. धान रोवणाऱ्या अकरा जणांनी ती ढकलली. त्यांत नत्थूजी होते. नट काच खाली करून म्हणाला, "थोडा जोर से." हे तीन शब्द नत्थूजींनी बारा वर्षे लोकांना ऐकवले, आणि सांगताना ते मानही नटासारखी वळवीत. दुसऱ्या दिवशी छायाचित्र छापून आले. पानठेलेवाले भुपेंद्र यांनी "खाली तुमचंच नाव आहे" असे सांगून त्यांना उरलेले सातही अंक विकले.

कात्रण चौकटीत बसून देवघरात गेले. दसऱ्याला नांगर-विळ्यासोबत त्यालाही हळदकुंकू लागे. बोट नेहमी नटाच्या कपाळावर टेकत असल्याने नट हळूहळू दिसेनासा झाला. छायाचित्रात नत्थूजींचे जेवढे आले होते ते कोपर मात्र स्वच्छ राहिले. दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत त्यांना दरवर्षी पाहुण्यांच्या रांगेत खुर्ची आणि नारळ मिळे. त्या खुर्चीसाठी त्यांनी एकदा नातवाचे बारसेही टाळले होते.

गतवर्षी मंडई समितीचे अध्यक्ष पुंडलिकराव सत्काराचा मजकूर लिहून घेण्यास त्यांच्या घरी आले. मीही तेथे होते.

"बाई, तुम्ही आता शिकल्या. वाचा पाहू. पेपरात जसं आहे तसंच माइकवर सांगून देऊ." पुंडलिकरावांनी कात्रणाची चौकट माझ्यापुढे धरली.

मला आनंद झाला. मी चष्मा लावून, बोट ठेवून मोठ्याने वाचले, "रस्त्याची दुर्दशा. अभिनेत्याच्या गाडीस धक्का देताना ग्रामस्थ."

"पुढं?"

"पुढे पूर्णविराम आहे," मी सांगितले. खात्रीसाठी पुन्हा वाचले. पूर्णविराम तेथेच होता.

"ग्रामस्थ म्हणजे कोण मंग? मीच ना," नत्थूजी म्हणाले.

"मंग पुऱ्या गावालेच खुर्च्या द्या लागतीन." पुंडलिकरावांनी पेनाला टोपण लावले.

नत्थूजींच्या पत्नी रुखमाबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बारा वर्सं मी याइच्या कोपराले अगरबत्ती लावून राहिली, अन् मले कोणी सांगतलं नाही."

त्या वर्षी ती खुर्ची भुपेंद्र यांना मिळाली. त्यांचा मेहुणा दूरचित्रवाणीवरील गाण्याच्या स्पर्धेत प्रेक्षकांमध्ये टाळ्या वाजवताना दोनदा दिसला होता. नत्थूजी मंडईस आले नाहीत. प्रकृती ठीक नाही, असा निरोप त्यांनी पाठवला. मात्र त्याच दुपारी ते धान कापताना दिसले.

आठवड्याने ते माझ्या अंगणात आले. बसले नाहीत, चहाही नको म्हणाले. कुंपणाशी उभे राहूनच बोलले.

"बाई, तुम्ही शिकल्या, चांगलं झालं. पण माह्या घरी याल तवा चष्मा घरीच ठेवून येत जा."