अन् वरून?

बँकॉकच्या विमानतळावर मी माझ्या शेजारच्या गृहस्थांशी असलेली ओळख नाकारली, हे मी वर्षभर कोणालाच सांगितले नाही.

बुलढाण्याच्या बाजारात भाजीचे पैसे देऊन झाले, तरी त्यांचा हात पुढेच असतो. "अन् वरून?" मग कोथिंबिरीच्या, म्हणजे आमच्याकडच्या सांबाराच्या, चार काड्या पिशवीत पडतात. त्या सहलीला सोबत निघताना त्यांनी नोटा मोज्यात घातल्या आणि कार्डाचा पिन मलाही पाठ करायला लावला. "मी इसरलो त तुम्ही सांगजा."

तिथे विमानतळावर रुपये देऊन थाई बाट घेतल्यावर पैसे बदलायच्या खिडकीपाशी त्यांचा हात तसाच पुढे राहिला. "अन् वरून, माय?" खिडकीतल्या गोंधळलेल्या मुलीने मला इंग्रजीत विचारले, हे तुमच्यासोबत आहेत का? मी मान हलवून नाही म्हणालो. शेवटी तिनेच हसून त्यांच्या हातावर दोन गोड गोळ्या ठेवल्या. त्यांतली एक त्यांनी मला आणून दिली.

काल बाजारात मी त्यांना हे सारे सांगितले आणि म्हणालो, "मला क्षमा करा."

"केली," ते म्हणाले. हात पुढेच होता. "अन् वरून?"

मी भाजीवालीकडे वळलो आणि चार लोकांना ऐकू जाईल असे म्हणालो, "हे माझ्यासोबत आहेत."