आतल्या सीटचा रंग

खिडकीपाशी बसून मी दादाचं विमान बनवतो आहे. दादा हवाई दलात मेकॅनिक होता. ज्या विमानावर त्याने सर्वांत जास्त वर्षं काम केलं, त्याचं हे वीतभर मॉडेल. निवृत्तीनंतरची वीस वर्षं आम्ही दोघे भाऊ या घरात राहिलो. आता मी एकटाच आहे.

मॉडेलच्या सुट्या भागांच्या खोक्यातली सीट खऱ्या सीटसारखी नव्हती, म्हणून मी पातळ प्लॅस्टिकमधून नवी कापली. गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाचे सीटचे पट्टे केले. चाक पोटात घेतल्यावर मिटणारं जाड दार घासून पातळ केलं. सगळं दादाच्या फोटोंशी ताडून पाहिलं. माणूस गेला की त्याची मापं घरात उरतात, चपलेची, शर्टाची, चष्म्याच्या काचांची. फोटो कृष्णधवल असल्यामुळे सीटचा रंग मात्र कळेना. शेवटी त्याच्याबरोबर काम केलेल्या जोशींना फोन लावला.

“सीटचा रंग?” जोशींनी विचारलं. “नाही रे आठवत. पण तुझा दादा शिडीवर चढला की शिट्टी वाजवायचा. आम्हाला लांबूनच कळायचं, आज ड्यूटीवर कोण आहे ते.”

घरात त्याने कधीच शिट्टी वाजवली नव्हती.

“कुठलं गाणं?” मी विचारलं.

“नाव नाही सांगता येणार. थांब.”

आणि ऐंशीच्या घरातले जोशी अडखळत शिट्टी वाजवू लागले. फुंकर जास्त, सूर कमी. पंखांसाठी हातातल्या ब्रशवर घेतलेला रंग वाळत चालला होता. मी फोन कानाशी घट्ट धरला आणि त्यांना थांबवलं नाही.