डाव्या पायाची चुगली

पालीहून मुरूडकडे जायचं तर रोह्यावरून जा, सरळ रस्ता आहे. आम्ही मात्र माणगाव, म्हसळा करत दिघीला गेलो आणि तिथून फेरीबोटीने पलीकडे आगरदांड्याला. दुप्पट वेळ गेला. कारण एवढंच की रोह्याच्या एसटीत निम्मे लोक ओळखीचे निघतात, आणि त्या रविवारी मला कुणाची ओळख नको होती.

माझा नातू निखिल कबड्डी खेळतो. टीव्हीवरच्या लीगमध्ये असतो, सुट्टीत आमच्या गावाकडून मातीवर उतरतो. मध्यंतरी एका मुलाखतीत त्याने सांगून टाकलं, मला पुरुष आवडतात. मी सातवी शिकलेला. ते मला अजून पुरतं उमगलेलं नाही. पण त्यानंतरच्या सामन्यात काय झालं ते लगेच उमगलं. तो चढाईला गेला की समोरचे सगळे हात वर करून मागे सरकायचे. पकडच नाही. हा बोनसचा गुण घेऊन परतायचा आणि लोक खिदळायचे. आमचे गावकरी फुकटच्या गुणांवर खूश होते. निखिलचा फोन आला, "आबा, रविवारीही असंच झालं तर मी पुन्हा मातीवर येणार नाही."

म्हणून निघालो. सोबत आमची मंडळी. माणगावला मिसळ खाल्ली, सत्तर रुपये, पाव ताजे. म्हसळ्यापुढे वळणं फार. उलटीची गोळी जवळ ठेवा. वेळ किती झाली हे मी इतक्यांदा विचारलं की हिने घड्याळच काढून माझ्या हातात दिलं.

फेरीबोटीत गुडघ्याला पट्टा बांधलेला एक दांडगा तरुण शेजारी उभा होता. त्याचा सोबती म्हणाला, "आज तो टीव्हीवाला हाय समोर. हात लावशील का रं?"

"कशाला? पोरं मलाच चिडवतील. हात वर करायचे, विषय संपला."

मी पाण्याकडे तोंड फिरवलं. ही कडाडली, "पकड करायची लाज वाटते व्हय रे? मग भातुकली खेळा! आमचा नातू हाय तो."

तरुण ओशाळला. "तसं न्हाय आजी. तो तसाही सापडत न्हाय कुणाला. हात वर केले की हरल्याचं दिसत न्हाय."

आणि मी, ज्याने निखिलला खळ्यात पहिली चढाई शिकवली, त्याला सांगून बसलो, "परत फिरताना डावा पाय उशिरा उचलतो. लहानपणापासूनची खोड आहे. तिथे धर."

ही माझ्याकडे बघतच राहिली.

आगरदांड्याहून रिक्षा वाटून घ्या, परवडते. मैदानावर ऊन होतं, टोपी न्या. पहिल्या चढाईला सातही जणांचे हात वर. मागून शिट्ट्या. दुसऱ्या चढाईलाही तेच. मी उठलो. "चल घरी."

"बसा खाली," ही म्हणाली.

तिसऱ्या चढाईला कोपऱ्यातल्या एकाचे, बोटीतल्या त्या पट्टा बांधलेल्या पोराचे, हात खालीच होते. निखिल वळला, डावा पाय मागे राहिला, आणि त्या पोराने घोट्यावर झेप घेतली. बाकीचे क्षणभर थबकले. मग तेही कोसळले. निखिल धडपडला, मध्यरेषेकडे हात ताणला, पोचला नाही. धूळ बसली तेव्हा सगळ्यांत खाली तो होता आणि हसत होता.

"गेला रे गेला, टीव्हीवाला गेला!" मागून कुणीतरी ओरडलं. कुणाही चढाईपटूसाठी ओरडतात तसंच. मी टाळ्या वाजवत सुटलो. आमचे गावकरी माझ्याकडे वळून बघायला लागले. शिट्ट्या पूर्ण थांबल्या नाहीत, पण त्यानंतर त्याला चार वेळा धरलं. चारही वेळा डावा पाय. आमचं गाव तीन गुणांनी हरलं.

परतताना रोह्यावरून आलो. एसटीत ओळखीचा भेटलाच. "काय आबा, नातवाचं काय ऐकतोय?"

"हरला," मी म्हटलं. "पाच पकडी झाल्या त्याच्या. पाच."

तो काय समजला, देव जाणे.

घरी येऊन आठवडा झाला, झोप नीट नाही. निखिलचा फोन आला होता. पुढच्या रविवारी रेवदंड्याला खेळणार आहे. मग म्हणाला, "आबा, त्यांना माझा डावा पाय कसा कळला हो?" मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला.

तोंडाने सांगवत नाही, म्हणून इथे लिहितोय. गाव हरलं ते माझ्यामुळे. निखिल, वाचलंस तर रागाव. पण पाय लवकर उचल.